एकच नाव, सगळी मशीनं

ती घटना आजही आठवते. आठवली की आधी स्वतःचंच हसू येतं, आणि थोड्या वेळाने ते ओसरतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. भवानीनगरकडचे एक ऊस बागायतदार फिर्याद घेऊन आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. तिचं बाहेर कुठेतरी जमलंय, असं निनावी पत्र मुलाकडच्यांना गेलं आणि लग्न मोडलं. पत्र कॉम्प्युटरवर छापलेलं. कॉम्प्युटर तेव्हा असणार कुठे? मुलगी शिकत होती त्या कॉलेजच्या लॅबमध्ये.

लॅबच्या सरांनी हळूच सांगितलं, "कोणाच्या नावाने कोणता प्रोग्राम उघडला, याची नोंद मशीन ठेवतं." पत्रावरच्या तारखेला प्रिंटर जोडलेल्या मशीनवर टायपिंगचा प्रोग्राम उघडला होता बावड्याच्या एका मुलाच्या नावाने. मी रुबाबात पंचनामा केला आणि मुद्देमाल जीपमध्ये घातला. सर मागून धावत आले. "साहेब, तुम्ही नुसता पडदा नेताय. मशीन टेबलाखालीच राहिलं!"

हवालदाराने तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

मुलाला ठाण्यात आणलं. त्याला कारखान्यात नोकरी लागली होती. अडला होता फक्त चारित्र्याचा दाखला, आणि तो द्यायचा आमच्याच ठाण्याने.

"नाव तुझंच ना?"

"व्हय साहेब. पण समद्या मशीनवर माझंच असतं. आमची एस्टी पयली येती. मशीनं सुरू व्हायला लई येळ घेत्यात, म्हणून मीच माझं नाव टाकून उघडून ठेवतो. पोरं आली की बसत्यात."

"मोठा दानशूर!" म्हणत मी त्याला दमात घेतलं. दुपारी त्याचे वडील आले. टोपी हातात धरून दाराशी उभे राहिले. मला ते बघवेना. लॅबमध्ये जाऊन मागच्या सगळ्या नोंदी काढायला लावल्या. रोज, एकाच वेळी, सगळ्या मशीनवर एकच नाव.

"प्रिंटरच्या मशीनवर बसतं कोण?"

"तिथं मुली बसतात," सर म्हणाले.

तेव्हा लक्षात आलं, मुलीचा जबाबच घेतलेला नाही. 'पोरीला कशाला ठाण्याच्या भानगडीत' असं वडील म्हणाले होते, आणि मीही मोठ्या सभ्यपणे मान डोलावली होती.

तिच्या घरी गेलो. मुलाला बसवून ठेवलंय हे ऐकताच ती म्हणाली, "त्याला सोडा. पत्र म्या टाईप केलं. मला शिकायचं हुतं."

वडील ताडकन उठले. "अगं, मग मला सांगायचं!"

"सांगितलं हुतं की, आबा. तुमी म्हणला, गप बस."

आबा खाली बसले. मग त्यांनी फिर्याद मागे घेतली. मुलाच्या दाखल्यावर मी त्याच संध्याकाळी सही केली.

पुढे नोकरीत मुलींच्या अब्रूच्या फिर्यादी पुष्कळ आल्या. प्रत्येक बाप म्हणायचा, तिला कशाला मध्ये घेता? मी खुर्ची पुढे सरकवायचो, ती मुलीसाठी, आणि बापाला म्हणायचो,

"तात्या, तुम्ही जरा बाहेर बसा. आधी तिला बोलू द्या."