दोघांनी एकदम बटण दाबलं

संध्याकाळी मी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होते. गावाबाहेरच्या धावपट्टीवर दोन शिकाऊ विमानं उतरायला आली होती, एक वर आणि एक बरोबर त्याच्या खाली. चादर माझ्या हातात तशीच राहिली. अगदी शेवटी वरचं विमान झटक्यात वर गेलं, म्हणून वाचलं.

शेजारची मंजिरी तिथेच विमान चालवायला शिकते. ती येताच तिला फाटकात गाठलं.

"अगं, एवढं आभाळ मोकळं पडलंय आणि तुम्ही एकमेकांच्या डोक्यावर उतरता?"

"काकू, धडक होते ती धावपट्टीपाशीच. सगळ्यांना तिथेच यायचं असतं ना! आमच्याकडे विमानांना सूचना देणारा टॉवर नाही. आपण कुठे आहोत ते ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"दोघांनीही सांगितलं की! पण एकाच वेळी रेडिओवर बोलायचं बटण दाबलं, की एकाचं दुसऱ्याला ऐकूच जात नाही. आणि दोघांनाही वाटतं, आपण सांगितलंय."

असा संताप आला! बोललं की जबाबदारी संपली. पोचलं का, ते कोण बघणार? आमच्या घरात तरी दुसरं काय चालतं? दिवसभर मी एकीकडे, हे एकीकडे, तोवर सगळं छान. संध्याकाळी दोघं घरात आलो की ठिणगी. वर दोघांचंही ठरलेलं, "मी सांगितलं होतं."

तणतणत घरात शिरले. म्हटलं, हे यांना सांगायलाच हवं.

"अहो, ऐका—"

"अगं, ऐक—"

दोघंही थांबलो. वाट पाहिली. आणि मग पुन्हा एकदमच बोलायला लागलो.