हुदाची ओटी

कॅन्सर झालेल्या बाईची मी गरोदर समजून ओटी भरली आहे. असा पराक्रम सिंगापूरच्या आपल्या महिला मंडळात दुसऱ्या कुणाच्या नावावर नसेल, म्हणून आधीच सांगून टाकते.

सुरुवात पुणं सोडतानाच झाली. मुलगा बॅगेचं वजन करत होता आणि मी कपड्यांखाली खण सरकवत होते. "आई, सिंगापूरला कुणाची ओटी भरणार आहेस?" तो म्हणाला. मी म्हटलं, "बायका सगळीकडे असतात." साठी उलटून गेलेली, स्वतःला जगाची अनुभवी सुईण समजणारी ती बाई आठवली की मला आता तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो. जरा जोरात.

बुकित बातोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हुदा राहायची. नाव बदललंय. जॉर्डनमधल्या इरबिदची, चाळिशीतली. तिचा नवरा आणि माझा मुलगा एकाच कंपनीत. सकाळी एकाच बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जायचे. तिची मुलगी रीम तिकडे आजीपाशी राहून कॉलेज करत होती आणि तिचं लग्न ठरत आलं होतं.

हुदाच्या ओकाऱ्या मला भिंतीतून ऐकू यायच्या. गाल वर आलेले, झगा सैल, लिफ्टमध्ये कुणाच्या परतलेल्या कांद्याचा वास आला तरी तोंडाला रुमाल. झालं, माझं निदान पक्कं. नारळ, तांदूळ आणि हिरवा खण घेऊन मी तिच्या दारात उभी. पदर नव्हता, तर झग्याचा घोळ धरून ती बसली. ओटीतल्या नारळाकडे बघत राहिली, मग माझ्या हाताचा मुका घेतला. मला वाटलं, लाजली.

तेवढ्यावर थांबले तर ती मी कसली. मुलाला सांगितलं. त्याने बसमध्ये तिच्या नवऱ्याचं अभिनंदन केलं, आणि मागच्या सीटवर इरबिदचाच दुसरा इंजिनियर बसलेला. लगेच हुदाच्या सासूचा तिकडून फोन, आनंदाने रडत. ऐकून माझी नात म्हणाली, "आजी, यू सो केपो लाह." केपो म्हणजे नको तिथे नाक खुपसणारी.

त्याच दुपारी हुदा आमच्याकडे आली, दार लावून घेतलं आणि डोक्यावरचा स्कार्फ काढला. एकही केस नव्हता.

"बेबी नाही, आंटी," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "आजार आहे. इथे."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"त्याला एकट्यालाच होतं. आता सासूलाही सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, रीमचा निकाह होईपर्यंत बाळच आहे असं म्हण. आईला हे झालंय कळलं तर मुलाकडचे मागे फिरतील. पोरीलाही होईल म्हणतील."

त्या सासूला शिव्या घालायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या काकूच्या छातीत गाठ होती. आमच्या घरात शेवटपर्यंत तिला पाठदुखी म्हणत. आलेल्या बायका तिला कसलंतरी तेल सुचवून, चहा पिऊन जात आणि काकू मान डोलवी. आम्हा पोरींची लग्नं व्हायची होती ना.

पुढचे महिने हुदा फोनवर गरोदर होती. केमोला मी बरोबर जायचे. परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. इरबिदहून कुणी बाळाचं नाव सुचवी, कुणी तिने काय खावं ते. ती थकून "हो, हो" म्हणे. एकदा म्हणाली, "फोन रोज येतो, आंटी, पण मला काय होतंय ते कुणी विचारत नाही." मीही पुण्याला रोज "मजेत" सांगते. गुडघे आणि रिकाम्या दुपारी कुणाला सांगायच्या? इथे आलेल्या माझ्यासारख्या आज्यांना कळेल. घर म्हणजे आता एक फोन आहे, ज्यावर आपण कायम बऱ्या असतो.

रीमचा निकाह झाला. हुदा गेली नाही. पोटुशीने एवढा प्रवास करू नये, असं तिकडे परस्पर ठरलं होतं. तिने तो फोनवर पाहिला, स्कार्फ नीट बांधून, ओठांना रंग लावून. पुढच्याच आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं, एक स्तन काढला. त्याच दिवशी सासूने सगळ्यांना कळवलं की बाळ गेलं.

मग फोन सुरू झाले. मी वॉर्डमध्ये तिच्या उशाशी बसलेली. मावश्या, जावा, शाळेतल्या मैत्रिणी, एकीमागून एक तिकडे रडत होत्या आणि इकडे हुदा त्यांच्याबरोबर मोठमोठ्याने रडत होती. मी घाबरले, टाके ताजे होते. फोन काढून घ्यायला गेले तर तिने माझा हात झटकला.

सगळे फोन संपल्यावर तिने माझ्याकडून तोंड धुऊन घेतलं, पाणी प्यायली आणि माझ्याशी बोलली. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. मराठीत उतरवते, पण शब्द तिचेच:

"खरं सांगितलं असतं तर सगळ्या गप्प बसल्या असत्या, आंटी. तुमच्या बाळासाठी अख्खं गाव रडलं, आणि मी तेवढ्यात माझ्यासाठी रडून घेतलं."