बेसिकमधली एक ओळ आणि संत्याचं डोकं

मंडळी, शर्टावर रक्त तसंच हाय. माझं न्हाय, संत्याचं.

मी हौसेनं बेसिक ह्या जुन्या कॉम्प्युटरच्या भाषेत फुटबॉलचा गेम लिहिलाय. गोल कुणी मारायचा ते कॉम्प्युटर स्वतःच आकडे काढून ठरवतो. आमच्याकडं फुटबॉलच्या टीमा तालमींच्याच असत्यात. आज दुपारी शिवाजी पेठेतल्या माझ्या दुकानात आमची तालीम विरुद्ध संत्याची तालीम अशी मॅच लावली. दोन्हीकडची पोरं बघायला जमलीती.

आमची तालीम जिंकली. संत्या म्हणाला, "बंद करून परत लाव." लावली. परत आम्हीच, तेच गोल, त्याच मिनिटांना! कितीदा लावली तरी तेच.

संत्यानं माझी गचांडी धरली. "आधीच ठरवून ठिवलंयस की! आम्हाला खुळ्यात काढतोस व्हय रं?"

आमच्या दिग्यानं स्टूल उचललं आणि थेट त्याच्या डोक्यात घातलं. मग दुकानात नुसती हाणामारी. मी लॅपटॉप पोटाशी धरून पाठीवर रट्टे खाल्ले. शेवटी दिग्यानंच संत्याला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

चूक माझीच. बेसिकमध्ये सुरुवातीला 'रँडमाइझ टायमर' ही ओळ लिहायची असती. ती नसली की कॉम्प्युटर दर वेळी तेच आकडे त्याच क्रमानं काढतो. नवीन पोरांनो, ध्यानात ठेवा.

ती ओळ घालून मी दवाखान्यात संत्याला मॅच दाखवली. त्याची तालीम जिंकली. टाक्यांवर हात ठेवून तो हसला, "आता बरोबर चाललंय बघ!"

दिग्या म्हणाला, "बंद करून परत लाव." आणि तो बसला होता ते स्टूल त्यानं हातात घेतलं.

सांगा, लावू काय?