योपची बंदूक आणि कपाळावरची पिन

खंडेनवमीला पूजायला घरात एकही शस्त्र नसणं ही डीमनमध्ये, आमच्या त्या डच गावात, गंभीर बाब नव्हती. माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, ती केली.

"सुरी आहे की," मी म्हटलं.

"ब्रेडची! ब्रेडच्या सुरीला कसली पूजा?"

"पुण्यात काय पूजायचास? तोफ?"

(पुण्यात तो पाना आणि स्कूटर पूजायचा. पण परदेशात आल्यावर माणसाचे पूर्वज एकदम पराक्रमी होतात.)

हे त्याने खालच्या मजल्यावरच्या आन्सबाईंना सांगितलं. आन्सबाई सत्तरीच्या, एकट्या. नवरा योप आदल्या वर्षी गेला. संध्याकाळी जिना चढून त्या स्वतः एक लांबट पुडकं घेऊन आल्या. आत योपची छर्र्याची बंदूक! गावाबाहेरच्या भाड्याच्या बागेच्या तुकड्यावर रिकामे डबे उडवायला तो ती वापरायचा.

"फुलं वाहणार म्हणता? योपला फार आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "पुसा हवी तर. फक्त उघडू नका. ती शेवटची त्याने बंद केली आहे."

आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. श्रीरंगने जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर बंदूक जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर पसरलेली!

"अरे, हे काय?"

"ट्रिगरपाशी गंज होता. गंजलेलं शस्त्र पूजतात का? थोडं तेल सोडलं की झालं."

"त्या उघडू नका म्हणाल्या होत्या!"

"उघडली नाही गं. फक्त दोन पिना काढल्या. बाकीचं आपोआप बाहेर आलं."

त्या दोन पिना म्हणजे तांदळाच्या दाण्याहून जरा लांब, एक बारीक, एक त्याहून किंचित जाड. श्रीरंग बँकांची सॉफ्टवेअर तपासायचा. खटक्याचे तुकडे बंदुकीच्या पोकळीत परत रचून भोकं एका रेषेत आणायची आणि पिन आत सरकवायची, एवढंच आता त्याला जमवायचं होतं. एक भोक जुळलं की दुसरं हलायचं. मग स्प्रिंग उडून फ्रिजमागे गेली. ती काढायला फ्रिज ओढला, तर आतला दुधाचा खोका सांडला.

"पिना कुठे पडायला नकोत. तू सांभाळ," तो ओणव्यानेच म्हणाला.

मी जन्मभर पुस्तकांत रमलेली बाई. हाताशी वाटी दिसली, तिच्यात टाकल्या. वाटी अक्षतांची होती. ओल्या कुंकवात घोळलेल्या, लालभडक. पिनाही क्षणात तशाच झाल्या.

"आन्सबाई चारला येणार," तो म्हणाला. "तू बाकीची पूजा उरकून घे. मी बसवतो."

मी उरकली. मनापासून! लॅपटॉपवर अक्षता, सायकलच्या पंपावर अक्षता, कुकरवर, शब्दकोशावर (ह्याच्यावर मूठभर). शेवटी वाटलं, शस्त्र चालवणाऱ्यालाही मान हवा. श्रीरंगच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं, वर अक्षता दाबल्या. त्याने मान वर न करता म्हटलं,

"पिना दे."

मी वाटीकडे पाहिलं. वाटी रिकामी होती.

त्यानंतर आम्ही दोघं सुशिक्षित माणसं गालिच्यावर रांगत होतो. लॅपटॉप उलटा करून झटकला. कुकरच्या शिटीत फुंकलं. जाड पिन शब्दकोशाच्या पानांत सापडली. बारीक पिन कुठेच नाही.

"हरवली तर त्यांना काय सांगू?" तो म्हणाला. "योपने बसवलेली होती गं ती."

तेवढ्यात बेल वाजली. मी सुट्ट्या तुकड्यांवर घाईघाईने झेंडू पसरले. आन्सबाई आल्या, बसल्या, श्रीखंड खाल्लं, चहा घेतला. बोलताना सारख्या श्रीरंगच्या कपाळाकडे बघायच्या आणि आदराने नजर खाली घ्यायच्या. शेवटी त्याला राहवलं नाही.

"आन्सबाई, मी बंदूक उघडली. आणि एक पिन हरवली."

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच त्यांनी बोट पुढे केलं.

"ती... ती नव्हे ना?"

श्रीरंगच्या कपाळावर, अक्षतांच्या मधोमध, बारीक पिन आडवी चिकटलेली होती!

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या धर्मात असतं!"

हसू आधी त्यांना फुटलं. डोळे पुसत, झेंडू बाजूला सारत त्या म्हणाल्या, "टॉर्च आणा. दर वसंतात योप हेच करायचा, मी टॉर्च धरायचे. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण तो शिव्या कुठल्या क्रमाने द्यायचा ते पाठ आहे."

डच माणसाच्या शिव्या रोगांच्या असतात. योपची पहिली पटकीची. "ती बारीक पिन नीट बसेना की," आन्सबाई म्हणाल्या. म्हणजे बारीक आधी! श्रीरंगने ती लावली, त्यांनी गंभीरपणे पटकी उच्चारली. जाड पिनेला विषमज्वर. शेवटी स्प्रिंग दाबताना क्षय, तो मात्र तिघांनी मिळून. खट्! खटका जागेवर बसला.

आन्सबाईंनी पिनांवरून अंगठा फिरवला. कुंकू लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आता योपने आणि तुम्ही, दोघांनी बंद केलेली आहे," त्या म्हणाल्या, आणि बंदूक छातीशी धरून जिना उतरल्या.

पुढे आन्सबाई गेल्या. गेल्या वर्षी श्रीरंगही गेला. घट्ट बसलेली बरण्यांची झाकणं आता मीच उघडते, त्याच तीन शिव्या देऊन. बाहेर कुणाला कळू नयेत म्हणून मराठीत देते. खाली नवीन राहायला आलेली मुलगी कोथरूडची निघाली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परवा लोणच्याच्या बरणीशी झटत होते, तर ती धावत जिना चढून आली.

"काकू, पटकी, विषमज्वर आणि क्षय? तिन्ही एकदम? डॉक्टरांना फोन करू का?"