मेडशीतला गोधडी स्टुडिओ

गावात स्टुडिओ काढला की गाण्यांआधी किस्सेच जमा होतात. गाणी पेनड्राइव्हवर निघून जातात, किस्से माझ्याकडे राहतात!

बायको वारली. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली, तिच्यासोबत कपाट आणि पलंगही गेले. रिकाम्या खोलीत शिंकलं तरी भिंती उत्तर द्यायच्या. घर खायला उठायचं, म्हणून तिथेच माइक मांडला. पण एवढ्या घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्डिंग कसं करणार?

*

कोणीतरी म्हणालं, अंड्यांचे ट्रे लावा. भिंतभर लावले. खोली घुमायची ती घुमतच राहिली. शेजारचे गुलाबराव मात्र सकाळीच डबा घेऊन हजर!

"कोंबड्या कुठी हायेत? मले सहा अंडे दे!"

*

मग कळलं, जाड कापड आवाज खातं. समोरच्या कौसाबाईंनी गल्लीभर फिरून गोधड्या जमवून दिल्या. आवाज एकदम गोड! जयंतीची गाणी झाली, लग्नाची झाली. मग थंडी पडली. मानोऱ्याचा एक गायक ऐन रंगात आला होता आणि कौसाबाई दारात.

"गाणं राहू दे बापू, आमची गोधडी काढ. म्हातारा कुडकुडून राह्यला!"

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापली नेली.

*

गुलाबरावांना दया आली. त्यांनी सोयाबीनची पोती भिंतीला रचली. "भाव येईपर्यंत राहू दे तुह्या इथं." ढोलकी काय वाजली! गायक विचारायचे, "कोणतं मशीन घेतलं?" भाव आला, पोती गेली. बाजारभावावर चालणारा स्टुडिओ हा एकच असावा!

*

घरात एक गोधडी होती, बायकोने स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. ती मी कधी भिंतीला लावली नाही. कौसाबाईंनी एकदा विचारलंच, "काहून रे, हे तं सगळ्यात जाड हाय!" तिच्यात खिळा ठोकायला माझा हात धजत नव्हता. मी उगाच वायरी गुंडाळत बसलो.

*

पोरगी रोज फोन करते. आवाज घुमला की तिला बरोबर कळतं. "बाबा, घरात कोणीच नाही ना? बंद करा तो स्टुडिओ, इकडंच या." मला हे घर सोडवत नाही.

परवा भिंती उघड्याच होत्या आणि फोन वाजला. मी ती गोधडी डोक्यावरून घेतली आणि आतूनच बोललो.

"बाबा, आज आवाज घुमत नाही तुमचा! कोण आलं घरी?"

मी म्हणालो, "तुही माय."