कपाटातलं मेण

काल लाईट आल्यावर मेणबत्ती विझवली. त्या वासासरशी मी कोल्हापुरातल्या भाड्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

मी तेव्हा लहान होते. आम्ही बौद्ध, आडनाव ऐकलं की घरमालकांची खोली एकदम ‘दिलेली’ असायची. शेवटी बाबांनी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून तेच आडनाव सांगितलं आणि खोली मिळाली. मालकीणबाई खूश होत्या. “पावणं, निवांत ऱ्हावा की. आदीची मानसंबी लई चांगली हुती. आमच्यातलीच!”

त्या गेल्यावर आईनं दार लावून साडीत गुंडाळलेली बुद्धाची तसबीर काढली. बाहेर लावायची सोय नव्हती, म्हणून तिनं भिंतीतलं कपाट उघडलं. आत, नेमका तसबिरीच्या उंचीवर, खिळा आधीच ठोकलेला होता. खाली फळीवर थिजलेलं मेण, वर काजळी. आणि तो वास, जणू कुणी आत्ताच फुंकर मारून आत सरकलं होतं.

“कोण राहायचं गं इथं?” मी विचारलं.

“आपलीच माणसं,” आई कुजबुजली. तिनं तसबीर त्याच खिळ्याला अडकवली.

दर पौर्णिमेला आम्ही कपाटात मेणबत्ती लावून ओठांतल्या ओठांत वंदना म्हणायचो. ती माणसं अजून आतच आहेत, असं मला वाटायचं. आता वाटतं, आम्हीही तिथंच राहिलो असू.

खोली सोडताना आईनं सगळं घासूनपुसून दिलं. मेणाला मात्र हात लावला नाही. जिन्यात नवं बिऱ्हाड भेटलं. मालकीणबाई आमच्याकडं बोट करून सांगत होत्या, “लई चांगली मानसं. आमच्यातलीच!”

नव्या बाईनं मान डोलावली. साडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.