साबराचं कातडं

भूम ओलांडून तीन मैल गेलो आणि मोटारसायकल तिसऱ्यांदा बंद पडली. इंजिन आधी खोकलं, मग एक गचका, मग शांतता. मी साइडकारमध्ये बसले होते, मांडीवर बाळंतपणाची बॅग. दुपारचा एक वाजला होता. परंड्याजवळच्या एका वस्तीवर गौरा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी अडली होती. सकाळी तिच्या सासऱ्याची तार आली होती.

महिन्यापूर्वी मी तिला तपासलं होतं. बाळ आडवं होतं. मी वरूनच हातांनी ते हळूहळू फिरवलं.

"बाई, पुन्ना फिरलं तर?" तिनं विचारलं.

"तार करायला सांग. तीन तासांत येते."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, निजामाचा अंमल. मी धाराशिवच्या एका दवाखान्यात नर्स होते. पेट्रोल कूपनावर मिळायचं, आणि मिळेल ते खात्रीचं नसायचं. कधी त्यात रॉकेल, कधी गंजक्या पिंपातलं पाणी. आमचे ड्रायव्हर युसूफभाई दोन थेंब तळहातावर घ्यायचे. पेट्रोल असेल तर हात गार पडतो आणि लगेच कोरडा होतो. रॉकेल असेल तर तेलकट राहतो. पाण्यासाठी मात्र त्यांच्याकडे साबराच्या, म्हणजे सांबर हरणाच्या, मऊ कातड्याचा तुकडा होता. तो आधी पेट्रोलमध्ये भिजवायचा आणि फनेलवर पसरायचा. पेट्रोल खाली उतरतं, पाणी वर अडतं.

तो तुकडा आदल्या आठवड्यात मी उकळला होता.

मळकं, वास मारणारं कातडं माझ्या ड्रेसिंगच्या टेबलाशेजारी लटकलेलं दिसलं. मी ते पट्ट्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकलं. वाळलं ते पापडासारखं. युसूफभाईंनी वाकवून पाहिलं. मोडलं.

"बाई, हे काय केलं वो? लढाईत दुसरं कुठनं आनू?"

"त्यात काय! मी स्वच्छ मलमलीची चौघडी देते."

"कपड्यातनं पानी जातंय. रुकता नै."

"युसूफभाई, नारूच्या गावांतून मी घरोघर हेच सांगत फिरते. गाळलं की धोका टळतो."

नारू म्हणजे विहिरींच्या पाण्यातून अंगात शिरणारा लांब जंत. पाणी कपड्यातून गाळलं की त्याला वाहून आणणारे बारीक किडे अडायचे. गाळण्यावर माझा तेवढा विश्वास होता. युसूफभाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण दवाखान्यात माझ्या हाताखाली. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाले. तार आली त्या सकाळी पेट्रोल मीच चौघडीतून गाळलं.

आता त्यांनी कार्बुरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा मिसळते तो हा भाग. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि नेमकं तिथल्या बारीक भोकात, जेटमध्ये, शिरतं. त्यांनी जेट फुंकला, किक मारली. दोन फर्लांग गेलो. पुन्हा बंद.

एक बैलगाडी आली. गाडीवान हसला. "फटफटी रुसली व्हय? बसा गाडीत, सकाळपतुर पोचिवतो."

युसूफभाई हसले नाहीत. "बाई, काचंची बाटली हाय का?"

मी बॅगेतली लोशनची बाटली रिकामी करून, पुसून दिली. टाकीतलं पेट्रोल त्यांनी नळीनं तिच्यात घेतलं आणि बाटली उन्हात धरली. थोड्या वेळानं तळाशी दोन बोटं पाणी वेगळं झालं. मध्ये सरळ रेघ. त्यांनी ती मला दाखवली. मग वरचं पेट्रोल हलकेच ओतून घेतलं आणि तळचं पाणी फेकलं.

बाटली-बाटली करत टाकी निवळायला जवळजवळ तीन तास गेले.

वस्तीवर पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. दारात बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सासू उठली नाही.

"आत्ता व्हय येणं? चार वाजंपतुर इचारत हुती, फटफटीचा आवाज येतोय का म्हून."

बाळही गेलं होतं. बॅग उघडायची गरज नव्हती. मी गौराच्या अंगावरची चादर सरळ केली. ती सरळच होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब म्हणाले, "खराब पेट्रोलमुळे उशीर, असं लिहा रिपोर्टमध्ये."

"कातडं मी उकळलं, तेही लिहिते."

"त्यानं ती परत येणार आहे का?"

"नाही. पण चौकशी युसूफभाईंची होणार नाही."

त्यांनी सही केली. युसूफभाईंनी पुढं कधी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायची राहिली.

मुलांनो, तुम्ही दोघं मोटारसायकलवर हजार मैलांच्या प्रवासाला निघताय, आणि वाटेत खराब पेट्रोल मिळालं तर काय करायचं, असं आजीला गमतीनं विचारलंत. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी असेल तर रेघ दिसते. गाडी ज्याला कळते तो नको म्हणाला, तर तिथंच थांबा. आणि हे सगळं निघण्यापूर्वी करा. आम्ही बाटली भूमच्या पुढं काढली. धाराशिवहून निघतानाही ती माझ्या बॅगेतच होती.